विंचवाचे बिऱ्हाड: अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील प्रशिक्षकी

अमेरिकेत क्रीडा व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेताना मी दोन हंगाम एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघासोबत मदतनीस म्हणून काम केले. (हा अंडाकृती चेंडूचा खेळ, आपल्या फुटबॉलला तिकडे सॉकर म्हणतात.) या वाटेने येऊ इच्छिणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावे, की येथे बिऱ्हाड पाठीवरच असते. मुख्य प्रशिक्षक गेला की त्याचे सहायकही बहुधा जातात, कारण नवा माणूस आपली माणसे घेऊन येतो.

याचे उदाहरण म्हणजे नामवंत कॉलेज फुटबॉल प्रशिक्षक लू होल्ट्झ. त्यांनी १९६० मध्ये आयोवा विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत घेत सहायकाचे काम सुरू केले. विल्यम अँड मेरी, कनेक्टिकट, साउथ कॅरोलिना आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांत सहायक म्हणून मजल-दरमजल करत १९६९ मध्ये ते विल्यम अँड मेरीचे मुख्य प्रशिक्षक झाले. पुढे नॉर्थ कॅरोलिना स्टेटमध्ये चार हंगाम काढून १९७६ मध्ये ते न्यूयॉर्क जेट्स या व्यावसायिक संघाकडे गेले आणि तेरा सामन्यांत तीनच विजय पदरी पडल्यावर, एक सामना शिल्लक असतानाच पायउतार झाले. तरीही पुढच्याच वर्षी आर्कान्सॉने त्यांना बोलावले. १९७८ च्या ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यापूर्वी त्यांनी आक्रमणफळीतले तीन मोहरे शिस्तभंगासाठी वगळले, आणि तरीही ओक्लाहोमाला ३१-६ असे हरवले. मिनेसोटामार्गे ते नोत्र दामला पोहोचले, तेथे १९८८ मध्ये बाराच्या बारा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

मला मात्र या विजेतेपदापेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. जेथे त्यांनी सहायक म्हणून राबून निरोप घेतला होता, त्यांपैकी दोन ठिकाणी, विल्यम अँड मेरी आणि साउथ कॅरोलिना येथे, ते पुढे मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले. त्यामुळे नोकरी सोडताना दार आपटू नये, हे मी नवख्यांना आवर्जून सांगतो.

सुरुवातीचे काम मात्र अगदी कारकुनी असते. चित्रफितीतल्या प्रत्येक खेळीपुढे कितवा प्रयत्न, किती यार्ड बाकी (दहा यार्ड पुढे जायला संघाला चार प्रयत्न मिळतात) आणि खेळाडूंची कोणती रचना हे नोंदवायचे. मग प्रतिस्पर्ध्याच्या खेळी मार्करने कार्डांवर काढून सरावात राखीव खेळाडूंपुढे धरायच्या, म्हणजे ते आपल्या बचावफळीसमोर त्या खेळी करून दाखवतात. एकदा मी एका कार्डावर बाण उलटा काढला आणि बचावफळी भलत्याच चालीचा सराव करत राहिली. कोणी रागावले नाही. दुसऱ्या दिवसापासून माझी कार्डे मैदानावर जाण्याआधी दुसरा मदतनीस तपासू लागला, एवढेच.

साउथ कॅरोलिनात परतल्यावर १९९९ मध्ये होल्ट्झ अकराच्या अकरा सामने हरले. पुढच्या हंगामात त्यांनी आठ जिंकले, आणि त्यातला शेवटचा विजय होता ओहायो स्टेटवर.