वारंवार बंद-चालू करावा न लागणारा राउटर कसा निवडावा

घरातले इंटरनेट अडले की राउटरचे बटण बंद करायचे आणि अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करायचे, हे आता इतके अंगवळणी पडले आहे की राउटरने असेच वागायचे असते, असे अनेकांना वाटू लागले आहे. प्रत्यक्षात वीज जाणे आणि फर्मवेअर (राउटरच्या आत चालणारी प्रणाली) अद्ययावत करणे ही दोन कारणे सोडली, तर चांगला घरगुती राउटर महिनोन्महिने विनातक्रार चालायला हवा. तसा राउटर मिळतो आणि त्यासाठी दुकानातला सर्वांत महाग राउटरच घ्यावा लागतो असेही नाही. मात्र त्यासाठी खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग आणि अँटेनांची संख्या बाजूला ठेवून, खोक्यावर सहसा न छापलेल्या काही गोष्टी तपासाव्या लागतात.

नवीन राउटर घेण्याआधी दोष राउटरचाच आहे, याची खात्री करून घ्यावी. फायबरची जोडणी असेल, तर भिंतीतून आलेली बारीक तार ज्या डबीत जाते, तिला ओएनटी म्हणतात. तिच्यावर ‘लॉस’ (LOS) या नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही आणि कोणताही राउटर त्यावर काही करू शकत नाही. अशा वेळी सेवा देणाऱ्या कंपनीकडेच तक्रार नोंदवावी. दिवे ठीक असूनही इंटरनेट अडत असेल, तर लॅपटॉपवर कमांडच्या दोन खिडक्या उघडाव्यात. एकीत राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ ला, आणि दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला, सतत पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी छोटी विचारणा, चालू ठेवावे (विंडोजमध्ये ping या आज्ञेच्या शेवटी ‘-t’ जोडले की पिंग आपण थांबवेपर्यंत चालू राहते). नेट अडलेल्या क्षणी राउटरकडून उत्तर येत असेल आणि बाहेरून येत नसेल, तर दोष बहुतेक वेळा बाहेरच्या जोडणीत असतो. दोन्हीकडची उत्तरे थांबली, तर लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून हीच चाचणी पुन्हा करावी. केबलवर उत्तर येते आणि वायफायवर येत नाही, असे दिसल्यास अडचण रेडिओ लहरींची आहे. केबलवरही उत्तर येत नसेल, तर राउटर खरोखरच गोठलेला आहे.

गोठणाऱ्या राउटरचा निकाल लावण्याआधी त्याचा अडॅप्टर पाहावा, कारण माझ्या मते निष्कारण टाकून दिल्या जाणाऱ्या राउटरांत या कारणाचा वाटा मोठा आहे. अडॅप्टरच्या आतले कपॅसिटर उष्णतेने आणि वयाने क्षीण होतात. मग मोबाइल, टीव्ही आणि कॅमेरा एकाच वेळी काम करू लागले, की वाढलेल्या भाराखाली १२ व्होल्टचा पुरवठा खाली घसरतो आणि राउटर अडखळतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. मल्टिमीटरने मोकळा अडॅप्टर मोजला तर आकडा बरोबर दिसू शकतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि त्याच ध्रुवतेचा (पिनेच्या आत-बाहेर धन-ऋण तसेच असलेला) चांगला अडॅप्टर आणून काही दिवस लावून पाहावा. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर जास्त असल्याने मात्र काहीही बिघडत नाही.

उष्णतेचा मुद्दा महाराष्ट्रात विशेष गंभीर आहे. बहुतेक घरगुती राउटरांच्या माहितीपत्रकात चालण्यासाठीचे तापमान ० ते ४० अंश सेल्सियस दिलेले असते, आणि नागपूर, चंद्रपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात बाहेरचे तापमानच ४५ अंशांच्या आसपास जाते. त्यात राउटर टीव्हीखालच्या बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला असला, तर दुपारी तो बंद पडणे यात नवल नाही. राउटर भिंतीवर किंवा उघड्या फळीवर, झरोके मोकळे राहतील असा ठेवावा, आणि नवा घेताना आटोपशीर दिसणाऱ्यापेक्षा मोठ्या अंगाचा, चहूबाजूंनी झरोके असलेला राउटर पसंत करावा. कोकणात आणि गोव्यात उष्णतेपेक्षा खारी दमट हवा जास्त त्रास देते. तिथे लॅन केबलच्या टोकांवरच्या पिना काळ्या पडल्या आहेत का, ते पाहून टोके नव्याने क्रिंप करून (दाबून बसवून) घ्यावीत.

आता खरेदीकडे वळू. राउटर गोठण्याचे आतले नेहमीचे कारण म्हणजे अपुरी मेमरी. घरातला प्रत्येक फोन एकाच वेळी कितीतरी जोडण्या उघडून ठेवतो आणि राउटरला त्या सर्वांची नोंद एका तक्त्यात ठेवावी लागते. तक्ता भरला की जुन्या जोडण्या चालू राहतात, पण नवे पान उघडत नाही, म्हणजे व्हॉट्सॲप चालते आणि बाकी सारे अडकल्यासारखे दिसते. फर्मवेअर सदोष असेल, तर वापरून झालेली मेमरी परत मोकळी होत नाही, आणि रोज थोडी थोडी भरत जाऊन काही दिवसांनी राउटर बसतो. अशा राउटरला बंद-चालू केल्यावर बरे वाटते, ते मेमरी रिकामी होते म्हणून. चार-पाच उपकरणांच्या घराला १२८ एमबी रॅम (काम करतानाची ही मेमरी) पुरावी; टीव्ही, कॅमेरे, स्मार्ट दिवे आणि घरून काम करणारी दोन माणसे असतील, तर २५६ एमबीपेक्षा कमी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा आकडा कंपन्या अनेकदा सांगत नाहीत. तो शोधण्याची उत्तम जागा म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त फर्मवेअर प्रकल्पाची हार्डवेअर यादी. तिच्यात शेकडो मॉडेलांची चिप, रॅम आणि फर्मवेअर साठवणारी फ्लॅश मेमरी नोंदलेली आहे. ते फर्मवेअर आपण कधीही वापरणार नसलो, तरी ही यादी उपयोगी पडते. आणि त्या यादीत चांगले समर्थन असलेला राउटर घेतला, तर कंपनीने अद्यतने देणे थांबवल्यावरही त्याला पुढचे आयुष्य मिळू शकते.

यादी पाहताना मॉडेलच्या नावाइतकाच हार्डवेअर आवृत्तीचा क्रमांक महत्त्वाचा आहे. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा एके काळचा अतिशय नावाजलेला राउटर. २००५ साली त्याची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा नाव आणि रूप तेच राहिले, पण चौथ्या आवृत्तीतली १६ एमबी रॅम ८ वर आणि ४ एमबी फ्लॅश २ वर आणली गेली आणि लिनक्सच्या जागी दुसरी प्रणाली बसवली गेली. जुन्या आवृत्तीची कीर्ती ऐकून नवी घेणाऱ्यांच्या पदरी निराशा आली, आणि जुनी रचना कंपनीला डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने वेगळी विकावी लागली. ही पद्धत आजही चालू आहे: टीपी-लिंकच्या आर्चर सी६ च्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे, तर तिसऱ्या आवृत्तीत मीडियाटेकची. म्हणून खोक्यावरच्या किंवा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर आवृत्ती वाचावी, आणि ज्या परीक्षणावर विश्वास ठेवायचा ते त्याच आवृत्तीचे आहे का, ते पाहावे. परीक्षणांमध्येही पहिल्या आठवड्यात लिहिलेले कौतुक फारसे उपयोगाचे नसते. सहा महिने वापरून लिहिलेले दोन परिच्छेद शोधून वाचावेत.

त्यानंतर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या आवृत्तीच्या फर्मवेअरच्या तारखा पाहाव्यात. शेवटचे अद्यतन दोन-तीन वर्षांपूर्वीचे असेल, तर ते मॉडेल सोडून द्यावे. उलट, गेल्याच महिन्यात बाजारात आलेल्या मॉडेलचे फर्मवेअर अजून पिकलेले नसते. वर्ष-दोन वर्षे बाजारात असलेला आणि अद्यतने नियमित मिळणारा वायफाय ६ चा राउटर बहुतेक घरांसाठी योग्य आहे.

सेवा देणाऱ्या कंपनीने ओएनटी आणि वायफाय एकाच डब्यात दिले असेल, तर तो डबा ब्रिज मोडवर टाकून द्यावा, अशी विनंती करावी. त्यामुळे तो फक्त प्रकाशाचे रूपांतर करतो आणि बाकीचे सगळे काम आपला राउटर सांभाळतो. त्यासाठी राउटरमध्ये भरावी लागणारी जोडणीची माहिती, म्हणजे पीपीपीओईचे (कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) नाव व पासवर्ड आणि व्हीलॅन (जाळ्यातल्या विभागाचा) क्रमांक, कंपनीकडून लिहून घ्यावी. त्याच डब्यावर लँडलाइन चालत असेल, तर ब्रिज केल्यावर फोन चालू राहील का, ते आधी विचारावे. कंपनीने नकार दिला, तर त्या डब्याचे वायफाय बंद करून आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय देण्यासाठी, लावता येतो, मात्र तेव्हा जोडण्यांचा तक्ता कंपनीच्याच डब्याकडे राहतो.

विजेची सोयही याच खर्चात धरावी. इन्व्हर्टर असूनही लाइट जाताच राउटर पुन्हा सुरू होत असेल, तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे का, ते पाहावे; साध्या मोडमध्ये अदलाबदलीला लागणारा वेळ राउटरला पेलत नाही. इन्व्हर्टर नसेल, तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो, पण तो राउटर आणि ओएनटी या दोघांनाही वीज देणारा हवा. वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना वीजजोडणीबरोबरच गच्चीवरून आलेली तांब्याची केबलही काढून ठेवावी.

राउटर आल्यावर २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळी वाहिनी (चॅनेल) निवडून तिची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ मधली वाहिनी घ्यावी, कारण ५२ पासून १४४ पर्यंतच्या वाहिन्यांवर रडारची चाहूल लागताच राउटरला ती जागा सोडावी लागते, आणि घरच्यांना तो नेट गेल्याचाच प्रकार वाटतो. टीव्हीसारखे जागचे न हलणारे उपकरण केबलने जोडले, तर वायफायवरचा भारही हलका होतो.

माल परत करण्याची मुदत संपण्याआधी घरातली सर्व उपकरणे जोडून, एकीकडे मोठे डाउनलोड आणि दुसरीकडे व्हिडिओ कॉल असा भार रोज काही काळ द्यावा. राउटरच्या स्थितीच्या पानावर किंवा नोंदवहीत तो किती वेळ सलग चालू आहे, हे बहुधा दिसते. ते रोज एकदा पाहावे. वीज न जाता हा आकडा शून्यावर आला असेल, किंवा आकडा वाढत असूनही नेट अडत असेल आणि पिंगची चाचणी राउटरकडेच बोट दाखवत असेल, तर दुरुस्तीच्या वाटेला न जाता तो मुदतीतच परत करावा.