गोणपाटाचे कोलाज : बुर्रीच्या पद्धतीने

अल्बेर्तो बुर्री (१९१५–१९९५) हा इटलीतला डॉक्टर. १९४३ साली ट्युनिशियात तो युद्धकैदी झाला आणि टेक्सासमधल्या हेरफर्डच्या छावणीत चित्रे काढू लागला. १९४६ला मायदेशी परतल्यावर त्याने डॉक्टरकी सोडली. १९५०च्या आसपास फाटकी पोती शिवून, चिकटवून केलेली त्याची ‘साक्की’ (इटालियनमध्ये ‘पोती’) ही चित्रमालिका सुरू झाली. ठिगळ, भोक आणि ताणलेला धागा, एवढ्यावर ही चित्रे उभी आहेत. लोकांना त्या टाक्यांत जखमा दिसल्या. करून बघताना मात्र लक्ष धाग्याच्या ताणाकडे ठेवावे.

साहित्य: ४५ × ६० सेंमीचे ९ मिमी जाड प्लायवुड, वेगवेगळ्या छटांची दोन जुनी तागाची पोती, दाभण, सुतळी, अर्धा किलो पांढरा फेव्हिकॉल, थोडे जुने सुती कापड, काळा व लाल ॲक्रिलिक रंग. प्लास्टिकची विणलेली पोती नकोत, त्यांना हा गोंद धरत नाही.

पोत्यांची शिवण उसवा, झटका, साबणाच्या पाण्यात एकदा धुऊन कडक उन्हात वाळवा. हा टप्पा टाळला तर धूळ आणि तेलकटपणामुळे कडा सुटतात. शिवाय कोरा ताग ओल्या गोंदाने आकसतो आणि जुळवलेले सांधे ओढले जातात. पोत्यावर छापील अक्षरे असतील तर तिथे घासू नका, ती कामाला येतात.

प्लायवुडच्या दोन्ही बाजूंना निम्मे पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा हात द्या. एकाच बाजूला दिलात तर फळी वाकते. वाळल्यावर पुढच्या बाजूला काळा रंग द्या आणि जिथे भोक येणार तिथेच तळहाताएवढा लाल. लाल याहून वाढला की बाकी काही दिसत नाही.

आता तुकडे कोरडेच मांडा. एक मोठा तुकडा, बाकी लहान. सगळे सारखे झाले तर गोधडी होते. शिवण नेहमी चिकटवण्याआधी, कारण गोंद वाळलेल्या तागातून दाभण जात नाही. टाके एक ते दीड सेंमीवर, पण काही ठिकाणी मुद्दाम घट्ट ओढा. तिथे कापडाला चुण्या पडतात, आणि चित्रातली रेषा तीच. भोक कात्रीने कापू नका; आडवे-उभे धागे एकेक ओढून वीण विरळ करा आणि मग फाडा. कडेचे लोंबते धागे राहू द्या.

चिकटवताना गोंद फळीला लावा, कापडाला नाही. पातळ गोंद विणीतून वर येतो आणि वाळल्यावर चकाकतो. तो डाग काढता येत नाही. विरळ विणीखाली आधी सुती कापड चिकटवा. वर प्लास्टिकचा कागद आणि वजन ठेवून २४ तास राहू द्या, पण चुण्यांवर वजन नको.

थेट उन्हात टांगू नका, ताग काळवंडतो आणि ठिसूळ होतो.