मूल तापलेय आणि पाय टेकत नाही: अँटिबायोटिकआधी काय करायचे

ताप आहे आणि मूल पायावर भार द्यायला तयार नाही, असे एकत्र दिसले की सांध्यात पू झाल्याची शंका धरायची आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचे. पुवामुळे कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचे गुळगुळीत आवरण) एक-दोन दिवसांतच झिजू लागते आणि झिजलेली पूर्ववत होत नाही. चतुर्थीची सुट्टी असली तरी थांबू नये.

बहुतेकदा खुबा किंवा गुडघा धरतो. खुब्याचे दुखणे मूल गुडघ्यात सांगते, म्हणून गुडघा ठीक दिसला तरी खुबा तपासून घ्यावा. खुब्यात पू असला की मूल पाय दुमडून बाहेरच्या बाजूला टाकून पडते आणि हलवू देत नाही. तान्ह्या बाळाला तापही नसेल. लंगोट बदलताना किंचाळणे आणि एकच पाय न हलवणे एवढीच खूण पुरे.

सर्दीनंतर काही दिवसांनी लंगडणारे, पण खेळकर असलेले मूल बहुधा निराळ्या, आपोआप बऱ्या होणाऱ्या सुजेचे असते. तो निवाडा मात्र घरी करू नका.

पावसात फुटबॉल खेळताना मुरगळला असेल म्हणून तेल चोळणे, शेकणे नको. पॅरासिटामॉल चालेल, वजनाच्या किलोमागे 15 मिलिग्रॅम. 12 किलोच्या मुलाला 180 मिलिग्रॅम, म्हणजे 5 मिलीत 250 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे 3.6 मिली. तेच 125 चे सिरप असेल तर 7.2 मिली, बाटली वाचल्याशिवाय मोजू नका. शेवटचे खाणे-पिणे किती वाजता झाले ते लिहून ठेवा, भूल द्यावी लागली तर पहिला प्रश्न तोच येतो.

फार्मसीतून अँटिबायोटिक आणून सुरू करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. या आजाराचा नेहमीचा जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस. घराघरांत उरलेले सेफिक्झिम हे अँटिबायोटिक त्याच्यावर जवळजवळ निकामी आहे. ते जंतूला मारत नाही, पण कल्चरमध्ये (नमुन्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी) तो उगवणार नाही इतपत दाबू शकते. मग कोणते औषध लागू पडेल हे डॉक्टरांना अंदाजाने ठरवावे लागते. सेफिक्झिमसारखी औषधे 2014 पासून शेड्यूल एच-1 या कायद्यातल्या यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय ती देताच येत नाहीत. एखादा डोस गेलाच असेल तर नाव आणि वेळ सांगा. लपवण्यात नुकसान मुलाचेच.

गोव्यात असाल तर म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलात, नाहीतर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जावे. 108 ची गाडी फुकट येते. हॉस्पिटलात सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), रक्ताचे कल्चर, खुब्याची सोनोग्राफी आणि सुईने सांध्यातले पाणी काढणे अशी तपासणी होते. एक्स-रे सुरुवातीला साफ येऊ शकतो, त्यावर निर्धास्त होऊ नका. पहिल्या अँटिबायोटिकआधी रक्त आणि सांध्यातले पाणी कल्चरला गेले का, हे विचारा. चार वर्षांखालील मुलांत किंगेला नावाचा हट्टी जंतू असतो. तो साध्या प्लेटवर सहसा उगवत नाही, म्हणून थोडे पाणी रक्त-कल्चरच्या बाटलीतही घालतात. मूल फार गळून गेले असेल तर मात्र औषध नमुन्यांसाठी अडवून धरायचे नसते.

दोन-तीन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट येतो. नावापुढे ‘आर’ असेल ते औषध लागू पडत नाही, ‘एस’ असेल ते लागू पडते. एमआरएसए (नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस) निघाला तर नेहमीची सेफॅलोस्पोरिन आणि क्लॉक्सासिलिन बाद होतात. व्हँकोमायसिन किंवा क्लिंडामायसिनचा विचार होतो. क्लिंडामायसिनला ‘एस’ लिहिलेले आणि एरिथ्रोमायसिनला ‘आर’ असेल तर डी-टेस्ट (क्लिंडामायसिनला लपलेला विरोध शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी) झाली का ते विचारा. ती न झाल्यास उपचार चालू असतानाच औषध निष्प्रभ होऊ शकते. रिपोर्टची प्रत जपून ठेवा.

पू धुऊन काढल्यावर काही दिवस शिरेतून, मग तोंडावाटे, मिळून बहुधा दोन-तीन आठवडे औषध चालते. डोस घशाच्या दुखण्यापेक्षा बराच मोठा असतो. तो चुकीचा समजून कमी करू नका. ड्राय सिरपच्या (पाणी घालून बनवायच्या पावडरीच्या) बाटल्या कोरड्याच आणा आणि एकेक लागेल तशी कालवा: उकळून थंड केलेले पाणी खुणेपेक्षा थोडे कमी घालून हलवा, फेस बसला की खुणेपर्यंत भरा. अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट फ्रीजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवावे, उरलेले टाकावे. चमच्याऐवजी सिरिंज वापरा.

पाचव्या दिवशी मूल धावू लागते आणि घरचे औषध तिथेच सोडतात, तसे करू नका. ताप परत आला किंवा सीआरपी उतरत नसेल तर सांधा पुन्हा धुवावा लागू शकतो. खुबा झाला असेल तर निदान वर्षभर फेऱ्या चुकवू नका, कारण वाढीची पट्टी (जिथून हाड लांबीला वाढते तो भाग) दुखावली असली तर पाय आखूड राहिल्याचे उशिराच दिसते.