अंगणातला स्कीचा उतार: पृष्ठभाग निवडताना या चुका टाळा

गुलमर्गहून येताना दोन जुन्या स्की घेऊन आलो आणि अमळनेरजवळच्या आमच्या मळ्यात उतार करायला घेतला. विहीर खोदताना निघालेल्या मुरमाचा ढीग वर्षानुवर्षे पडूनच होता. तो सारखा केला, 12 मीटर लांब आणि अडीच मीटर उंच. बाजेवर बसून सगळं बघणारे आबा म्हणाले, "आठे बरफ कोठे शे रे?" म्हटलं, "बरफ नही लागस, आबा."

बर्फ लागत नाही हे खरंच आहे. एडिनबराजवळच्या हिलएंडला 1960च्या दशकापासून लोक ब्रशच्या गालिच्यावर स्की शिकतात. कोपनहेगनमध्ये तर कचरा जाळून वीज करणाऱ्या प्रकल्पाच्या छपरावर 2019पासून प्लास्टिकचा स्की उतार आहे. आमचं घोडं अडलं ते मुरमावर काय अंथरायचं यावर.

जळगाव म्हणजे प्लास्टिक चटईचं गाव. एमआयडीसीतून डागी चटईचे रोल स्वस्तात मिळाले. अंथरले, पाणी मारलं, भाच्याला वर उभं केलं. पोरगा निघाला तो थेट कपाशीत. "मामा, थांबतच नाहीये!" हे ओरडणं मला ऐकू आलं तेव्हा तो बोंडांत आडवा होता. त्याच संध्याकाळी आबांनी बाज उचलून निंबाखाली नेली.

चटई घसरायला चांगलीच होती, आणि इथेच सगळे फसतात. स्कीवर वळायचं आणि थांबायचं ते तिच्या पोलादी कडेवर. कड बर्फात रुतते तशी ती खाली कशात तरी रुतायला हवी. चटईची वीण सपाट असल्यामुळे कड वरूनच सरकते, आणि जोर केला तर वीण कापते. ताडपत्री, निवडणुकीनंतर उरलेले फ्लेक्स, तळ्याचा प्लास्टिक कागद, सगळ्यांची तीच गत. त्यावर पोरांनी बुडाखाली घमेलं घेऊन घसरावं, स्की घालू नये.

म्हणून दुकानात हात फिरवून "किती गुळगुळीत आहे" हे बघू नका. नखाने आडवं ओरबाडून बघा. उभे, ताठ, दाट काटे हवेत. तळ त्यांच्या टोकांवरून सरकतो, कड त्यांच्या मधे शिरते. खऱ्या ड्राय स्लोपची, म्हणजे बिनबर्फाच्या स्की उताराची, सगळी करामत एवढीच. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचं म्हणजे दारात टाकायचं हिरवं, काटेरी प्लास्टिकचं पायपुसणं, रोलमध्ये मिळतं ते. लॉनचं कृत्रिम गवत त्याहून देखणं दिसतं, पण त्याची लांब पाती लोळतात आणि स्की धरून ठेवतात. घ्यायचंच झालं तर सगळ्यात आखूड पात्याचं घ्या आणि पाती उताराच्या दिशेने झुकतील असं अंथरा. काथ्याच्या पायपुसण्याचा विचार सोडा. ते पाणी पितं, कुजतं, आणि त्यावर स्की हलत नाही.

पूर्ण रोल आणण्याआधी एक चाचणी करा. दोन मीटरच्या फळीवर नमुन्याचा तुकडा ठोका, वर पाणी मारा, स्की ठेवून तिच्यावर सिमेंटची अर्धी गोणी बांधा. फळीचं एक टोक हळूहळू उचला आणि मधूनमधून स्कीला बोटाने हलका धक्का द्या. ती सरकत राहायला लागली की टोक किती उचललंय ते मोजा. माझा उतार 12 मीटरला अडीच, म्हणजे दोन मीटरच्या फळीला साधारण 42 सेंटीमीटर. स्की 50 सेंटीमीटरला सरकत असेल तर त्या मालावर माझ्या उतारावरून कोणी खाली येणार नाही. एक तर माल बदला, नाही तर ढीग वाढवा. हे मला आठ हजार रुपये घालवल्यावर सुचलं.

आता ऊन. खानदेशात मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो, आणि हिरवं प्लास्टिक त्याहून कितीतरी जास्त तापतं. स्कीचा तळही पॉलिथिलीनचाच. कोरड्या, तापलेल्या काट्यांवर घासून तो खराब होतो. तेव्हा सराव नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. दुसरं म्हणजे यूव्ही प्रक्रिया (ऊन सोसण्यासाठी केलेली) नसलेला माल इथे एका उन्हाळ्यात ठिसूळ होतो, काटे बोटाने मोडतात. दुकानदार सगळ्यालाच "यूव्हीवालं आहे" म्हणतो. घाई नसेल तर एक तुकडा एप्रिल-मे गच्चीवर टाकून ठेवा आणि मग वाकवून बघा.

पाणी हवंच. ओल्या काट्यांवर घर्षण कमी होतं, तळही थंड राहतो. ठिबकवाल्याकडे फॉगर मिळतात, पण त्यांचं धुकं वाऱ्याने शेजारच्याच्या शेतात जातं. त्यापेक्षा मायक्रो स्प्रिंकलर बरे. बोअरचं पाणी जड असेल तर फिल्टर लावा, नाहीतर तोंडं क्षाराने बुजतात आणि काट्यांवर पांढरा थर चढतो. भांड्याचा साबण टाकू नका. दोन फेऱ्या झकास होतात, मग फेस वाहून पायथ्याशी साचतो, आणि जिथे थांबायचं तिथेच पाय सटकतो.

काळ्या मातीवर थेट काही अंथरू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, आणि वरचा रोल लाटांसारखा होतो. चोपलेला मुरूम, त्यावर तणरोधक कापड, मग पृष्ठभाग. सांधे कौलांसारखे ठेवा, वरचा तुकडा खालच्यावर. खिळे नकोत, तारेचे यू-हुक कडेने आत दाबा.

जाळीदार माल मात्र पूर्ण टाळा, मग तो फुकट मिळो. पडताना अंगठा भोकात अडकतो आणि मागे मुरगळतो. जाळीच्या ब्रशवर स्की करणाऱ्यांना ही जुनी, ओळखीची दुखापत आहे. बिनभोकाच्या मालावरही हातमोजे आणि लांब बाह्या हव्यातच, कारण काटे कातडी सोलतात.

पायथ्याशी मी आता पाच मीटर सपाट पट्टी ठेवली आहे, आणि तिच्यावर मुद्दाम तेच लांब पात्याचं लॉन टाकलं आहे जे उतारावर कुचकामी ठरलं होतं. भाचा कपाशीच्या अलीकडे थांबतो. आबांची बाज अजून निंबाखालीच आहे.