दार काढलं, पण गेलं कुठे?

पहिल्यांदा वापरात नसलेलं दार बुजवायला घेतलं तेव्हा मला ते अर्ध्या दिवसाचं काम वाटलं होतं. चार लाकडं उभी करायची, दोन्हीकडून जिप्सम बोर्ड मारायचा, पुट्टी फिरवायची, झालं. भिंत उभी राहिली, हललीही नाही. पण रंग वाळला, खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि दार होतं तिथेच दाराचा आकार उमटला. मी ज्यांच्या हाताखाली शिकत होतो ते मिस्त्री एवढंच म्हणाले, "दार काढलंस खरं, पण ते गेलं कुठे?"

चूक मापात होती. भिंतीची जाडी मी एकाच जागी, कमरेच्या उंचीवर मोजली होती. जुना गिलावा सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे वरच्या भागात माझा बोर्ड भिंतीच्या पुढे आला. आता मी दोन्ही कडांना खाली, मध्ये आणि वर अशी सहा मापं घेतो, तीही चौकट काढल्यावरच, आणि सगळ्यांत कमी आलेलं माप धरतो. समजा, गिलाव्यासकट भिंत 130 मिमी आहे. दोन बाजूंचे 12.5 मिमीचे बोर्ड वजा केले की 105 उरतात. आत 100 मिमी रुंदीचं लाकूड घातलं की दोन्ही अंगांना अडीच-अडीच मिमी जागा राहते. ती जागा सांध्यावरची टेप आणि जॉइंट कंपाउंड, म्हणजे सांधा भरायचा लगदा, यांना हवीच. बोर्ड थोडा आत राहिला तर भरता येतो. बाहेर आला तर कितीही घासा, ऊन पडलं की दिसतोच.

दुसरी गोष्ट ओळंब्याची. नव्या माणसाला वाटतं, सांगाडा ओळंब्यात असला की जिंकलो. पण मूळ भिंतच झुकलेली असेल तर? तुमचा बोर्ड सरळ आणि बाजूची भिंत तिरकी, म्हणजे सांधा पुन्हा उघडा पडणार. इथे बोर्डाने भिंतीचं ऐकायचं. एका कडेच्या गिलाव्यापासून दुसऱ्या कडेच्या गिलाव्यापर्यंत सूत ताणायचं, खाली, मध्ये आणि वर, आणि लाकडं त्या सुतापासून आत बसवायची. ओळंबा मी आता फक्त मधल्या स्टडची, म्हणजे मधल्या उभ्या लाकडाची, जागा आखायला वापरतो.

हे सगळं करण्याआधी ते दार बुजवण्यासारखं आहे का, हेही बघा. आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट हवी, खोलीत हवा खेळायला हवी. आणि आतलं मोठं सामान मोजा. एकदा दार बुजवून झाल्यावर कळलं की आतलं कपाट दुसऱ्या दारातून बाहेर निघतच नाही. ते खोलून काढावं लागलं, आणि ते खोलायला मीच बसलो.

विटांच्या भिंतीत चौकट अनेकदा लोखंडी होल्डफास्टने आत धरलेली असते. सरळ पहार घातली तर हातभर गिलावा सोबत निघतो. चौकटीच्या कडेने गिलाव्यात आधी कटरने रेघ मारा, मग उभा खांब मधोमध करवतीने कापून दोन तुकड्यांत सोडवा. दाराशेजारी स्विच असेल तर मेन बंद करून वायर कुठून जाते ते बघितल्याशिवाय भोक पाडू नका. वरच्या लिंटेलला, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईला, हात लावायचा नाही. भार तेच पेलतं, आपला सांगाडा नाही.

सांगाडा साधाच: खाली-वर आडवी लाकडं, कडांना उभी, आणि मध्ये एक स्टड, म्हणजे आधारांमधलं अंतर 600 मिमीच्या आत राहतं. लाकडाचे स्क्रू भिंतीत धरणारी गिट्टी (प्लग) विटेत बसवा, दोन विटांमधल्या सांध्यात नको, तिथे ती फिरते. पुढे त्या भिंतीवर फळी किंवा टीव्ही लावायचा असेल तर त्या उंचीवर एक आडवं लाकूड आत्ताच घाला. पोकळीत खनिज लोकर भरा, नाहीतर बोलणं पलीकडे ऐकू जातं आणि टकटक केलं की ढोलासारखा आवाज येतो.

बोर्ड जमिनीपासून 10 मिमी वर ठेवा, म्हणजे फरशी पुसताना पाणी चढणार नाही. फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. लाकडावर 35 मिमीचे स्क्रू पुरतात. डोकं कागदाच्या किंचित आत जावं, पण कागद फाटू नये. फाटला तर तो स्क्रू धरत नाही, शेजारी दुसरा मारा.

सांध्यावर घाई करू नका. कागदी टेप आधी कंपाउंडमध्ये दाबून बसवायची, मग दोन हात, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद, शेवटचा साधारण 300 मिमीपर्यंत पसरलेला. तयार कंपाउंडचा प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या, त्याला बहुधा एक दिवस जातो. ओल्यावर दुसरा हात दिला की पुढे भेग ठरलेली. घासताना भिंतीला चिकटून आडवा टॉर्च धरा. समोरून गुळगुळीत वाटणारी भिंत त्या उजेडात सगळे उंचवटे दाखवते. जे दिसेल त्यावर पेन्सिलने खूण करायची आणि तेवढंच पुन्हा भरायचं.

रंग मात्र एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्ख्या भिंतीला द्या, आणि त्याआधी नव्या भागाला प्रायमर. फक्त बुजवलेल्या तुकड्यावर रंग मारला तर कंपाउंड आणि जुनी भिंत तो वेगवेगळा शोषतात, आणि दार परत येतं, या वेळी रंगात.