आरोग्य आणि व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके वाचताना या चुका टाळा

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या छोट्या वाचनालयात परत येणाऱ्या पुस्तकांमध्ये आरोग्याची पुस्तके चटकन ओळखू येतात, कारण त्यांत पेन्सिलीच्या खुणा असतात. उपाय सांगणारी पाने खुणांनी भरलेली असतात आणि हा उपाय कोणी करू नये हे सांगणारी सुरुवातीची एक-दोन पाने कोरी राहिलेली असतात. बहुतेक तक्रारींचे मूळ या कोऱ्या पानांत सापडते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चालू औषधांचा विचार न करता उपवास सुरू करणे. यंत्रमागावर उभे आयुष्य काढलेल्या एका काकांनी सोळा तासांच्या उपवासाचे पुस्तक नेले आणि आठवड्याभरात भर बाजारात त्यांना दरदरून घाम फुटून हातपाय थरथरू लागले. "पुस्तकात सोळा तास म्हटलंय की," असे ते मला सांगत होते. तसे म्हटले होते हे खरेच, परंतु त्याच पुस्तकाच्या नवव्या पानावर मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे असेही छापलेले होते. काका सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेत. ही गोळी पोट रिकामे असले तरी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि मग रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू शकते. आपल्याला एकादशीची सवय असल्यामुळे उपवासाचे काय विचारायचे, असे वाटते. पण एकादशीला खिचडी, रताळे, शेंगदाणे पोटात जातात आणि पुस्तकातल्या उपवासात त्या वेळी फक्त पाणी असते. असा त्रास झालाच तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि बरे वाटताच काहीतरी खावे. माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. गोळी कमी करायची की उपवास सोडायचा, हा निर्णय डॉक्टरांचा आहे.

भाषांतरित पुस्तकांत मोजमापांचा घोळ होतो. ब्रिटनमधल्या पुस्तकात रक्तातली साखर ५.५ अशी दिलेली असते आणि आपल्या प्रयोगशाळेच्या कागदावर ९९ येते, तेव्हा आकडा पाहूनच छातीत धस्स होते. वास्तविक दोन्ही आकडे एकाच साखरेचे आहेत, कारण ब्रिटनमध्ये साखर मिलिमोल या एककात मोजतात आणि त्या आकड्याला १८ ने गुणले की आपला मिलिग्रॅमचा आकडा मिळतो. अमेरिकी कपात सुमारे २४० मिलिलिटर मावते आणि आपली आमटीची वाटी त्याहून बरीच लहान असते, म्हणून कृती करून पाहण्याआधी घरातली वाटी एकदा मापून ठेवावी. वजनाच्या तक्त्यांचेही तसेच आहे: पाश्चात्त्य पुस्तके बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २५ पर्यंत निर्धास्त राहायला सांगतात, तर भारतीयांसाठी २३ पासूनच वजन जास्त धरले जाते.

दुधी भोपळ्याच्या रसाबाबत मात्र मी थोडा हट्टी आहे. परसातल्या वेलाचा ताजा दुधी असला तरी तो कडू निघू शकतो आणि त्या कडूपणामागे कुकुर्बिटॅसिन नावाची विषारी द्रव्ये असतात. कित्येक पुस्तके रसात लिंबू, मध किंवा आले घालायला सांगतात, त्यामुळे नेमकी धोक्याची चव झाकली जाते. काहीही मिसळण्यापूर्वी दुधीची चकती जिभेला लावून पाहावी आणि किंचित जरी कडू लागली तरी दुधी टाकून द्यावा. औषध कडूच असते ही म्हण इथे लावू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नये असे बजावले आहे. पिल्यानंतर उलट्या, जुलाब किंवा उलटीत रक्त दिसले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

सवयींच्या पुस्तकांत एकवीस दिवसांचा आकडा ठरलेला असतो. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० च्या पुस्तकात लिहिले होते की, रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवसांच्या आसपास लागतात. त्यातला 'किमान' हा शब्द पुढच्या लेखकांनी गाळला. लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवसही लागतील असे दिसले, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर मे महिन्यात उत्साहाने चालायला लागलेली माणसे जूनच्या झडीत घरी बसतात आणि आपल्यात इच्छाशक्तीच नाही, असे ठरवून पुस्तक मुदतीआधी परत आणून देतात. बेळगावचा पाऊस त्या लेखकाने कुठे पाहिला होता? झड लागली की त्याच वेळेला सोप्यात किंवा माडीवर फेऱ्या माराव्यात, आणि चुकलेल्या दिवसापुढे वहीत फुली मारून दुसऱ्या दिवशी पुढचाच आकडा लिहावा.