पासवर्ड फुटला? आधी ईमेल, मग बाकीचं

परवा सकाळी पोहे-जिलबी घेऊन रामबागेत आत्याकडे गेलो, तर ती फोनकडे टक लावून बसलेली. "मी काही केलं नाही रे, आणि हे म्हणतंय तुमच्या खात्यात कोणीतरी शिरलं." पासवर्ड विचारला. नावात 'अहिल्या', पुढे १७६७. अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला ते साल. इंदुरात हा पासवर्ड किती घरांत असेल, देव जाणे! शिवाय तोच ईमेलला, तोच वीजबिलाला, तोच साड्यांच्या साइटला.

चोराचं काम इथेच सोपं होतं. एखाद्या साइटवरची ग्राहकांच्या ईमेल-पासवर्डची यादी फुटली की त्यातला ईमेल आणि पासवर्ड जोडीने इतर शेकडो साइटवर प्रोग्राम लावून घालून पाहतात. म्हणून 'साड्यांचीच तर साइट होती' म्हणून सोडून देऊ नका.

इशाऱ्याच्या मेसेजमधली लिंक दाबू नका, खोटे इशारेही भरपूर येतात. स्वतः ॲप उघडा किंवा पत्ता टाइप करा, तेही आपल्याच फोनवरून.

सुरुवात ईमेलपासून. बँकेपासून नाही का? नाही. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की बहुतेक खात्यांची नवी किल्ली ईमेलवरच येते. ईमेल चोराच्या हातात असेल, तर बाकीचे पासवर्ड बदलून उपयोग नाही. नवा पासवर्ड लांब हवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द चालतील. उदाहरणार्थ गराडू, छत्री, सोमवार, नळ. (हेच ठेवू नका, ते आता छापून झाले.)

बहुतेक लोक इथे थांबतात आणि फसतात. आत शिरलेला चोर परत येण्याची सोय करून जातो. गुगल खात्यात 'सुरक्षा' भागात जाऊन कोणकोणत्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ते बघा, अनोळखी असेल ते साइन आउट करा. रिकव्हरीचा, म्हणजे खातं परत मिळवायचा, फोन आणि ईमेल आपलाच आहे ना? आत्याचा तिथला नंबर जुना, कधीच बंद पडलेला. असे नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते, म्हणजे तिच्या खात्याचा कोड भलत्याच्याच फोनवर! खात्याला जोडलेली अनोळखी ॲप्सही काढून टाका.

मग कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. तुमची पत्रं गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर जात असतील तर पासवर्ड बदलूनही ती जातच राहतात. हे मोबाइलवर बघत बसू नका, तिथे सापडत नाही.

आता टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, म्हणजे पासवर्डनंतर एक कोडही मागितला जातो. एसएमएसपेक्षा फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप बरं, कारण तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं तर एसएमएस चोराकडे जातो. फोन हाताशी नसेल तेव्हा कामी येणारे बॅकअप कोड कागदावर लिहून पासबुकाजवळ ठेवा.

पुढे बँक आणि यूपीआय पिन. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइस' बघा, तिथलाही सहा आकडी पिन लावा. उरलेल्या साइट सवडीने, प्रत्येकीला वेगळा पासवर्ड; लक्षात राहत नसतील तर ते जपून ठेवणारं ॲप, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, वापरा. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर ईमेल टाकला की तो कोणत्या फुटलेल्या यादीत सापडला ते कळतं.

पैसे गेले असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवा. बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत तो गोठवता येतो, म्हणून मिनिटं मोजायची. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रारही नोंदवता येते. तिथे मेसेज, नंबर, व्यवहाराचे स्क्रीनशॉट लागतात, तेव्हा काहीही पुसू नका. आत्याचे पैसे वाचले. पण मी पोचायच्या आधीच तिने सगळे संशयित मेसेज साफ केले होते. स्वच्छतेत आपलं शहर पहिलं, म्हणाली.